राघोजी भांगरे : डोंगराचा नाईक आणि सावकाराचे कागद

दरवर्षी २ मे रोजी अकोले, जुन्नर, शहापूर, मुरबाड या भागांतून आदिवासी बांधव ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहापाशी येतात. फुले वाहतात, घोषणा देतात आणि परत डोंगराकडे जातात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथल्या आपल्या हजारो तरुणांचे ठाण्याला रोज जाणे-येणे असते. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की याच तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी देण्यात आली? १८५७ च्या नऊ वर्षे आधी. आपल्या शाळेच्या पुस्तकात १८५७ असते, राघोजी नसतात. असलेच तर एका ओळीत असतात आणि त्या ओळीत बंड हा शब्द असतो, बंडाचे कारण नसते.

हा लेख त्या कारणासाठी आहे. राघोजींच्या हातातली तलवार सगळ्या पोस्टरवर दिसते. पण त्यांनी ती कशाविरुद्ध उचलली, हे पोस्टरवर दिसत नाही. ते कळले नाही तर जयंती-स्मृतिदिनाला हार घालून आपण मोकळे होऊ, आणि ज्या यंत्रणेने त्यांना फासापर्यंत नेले ती यंत्रणा आपल्या शेजारच्या वाडीत आजही काम करत राहील.

कोण होते महादेव कोळी?

नवी मुंबईत कोळी म्हटले की खाडी, होडी आणि मासळी डोळ्यांपुढे येते. दिवाळे, सारसोळे, वाशीगावचा कोळी समाज आपल्या परिचयाचा आहे. महादेव कोळी हा समाज वेगळा. तो सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा, डोंगरउतारावर नाचणी, वरई आणि भात पिकवणारा आदिवासी समाज आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत त्याचे नाव आहे. अकोले, जुन्नर, आंबेगाव, खेड, इगतपुरी हे तालुके आणि घाटाखालचे शहापूर, मुरबाड ही त्याची जुनी वस्ती.

या डोंगराळ मुलखाला पूर्वी बावन मावळ म्हणत. प्रत्येक खोऱ्याला एक नाईक असे. खोऱ्याचा बंदोबस्त, घाटवाटांची राखण, किल्ल्यांवरचा पहारा हे नाईक आणि त्यांची माणसे करीत. त्या कामाच्या बदल्यात त्यांच्याकडे जमिनी असत, गावांकडून ठरलेले हक्क मिळत. बहामनी गेले, निजामशाही आली, मोगल आले, मराठे आले. गादीवरचा धनी बदलला तरी डोंगरातली ही व्यवस्था बरीचशी टिकून होती, कारण कोळ्यांच्या मदतीशिवाय घाट सांभाळणे कोणत्याच सत्तेला जमत नव्हते.

म्हणजे जुना काळ सुखाचा होता, असे मात्र कोणी समजू नये. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध कोळ्यांनी उठाव केला, तेव्हा पकडलेल्या कोळ्यांची शिवनेरीवर कत्तल झाली. त्या जागेला लोक अजून कोळी चौथरा म्हणून ओळखतात. पेशवाईच्या अखेरच्या काळातही या मुलखात उठाव होत राहिले. १७९८ च्या सुमारास भांगरे घराण्यातील भावांनी बंड केले, तेव्हा त्यांतल्या वालोजी भांगरे यांना राजूर येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. हे पेशव्यांच्या राज्यात घडले. राजूर हे राघोजींच्या गावापासून फार लांब नाही. राघोजी जन्मले तेव्हा या घटनेला दहा वर्षेही झाली नव्हती. घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून त्यांनी ती ऐकली असणारच.

देवगावचा मुलगा

राघोजींचा जन्म अकोले तालुक्यातील देवगावचा. ८ नोव्हेंबर १८०५ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते. प्रवरेच्या उगमाकडचा हा मुलूख. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला कळसूबाई, आणि पश्चिमेला उभा कडा, ज्याच्या खाली कोकण. पावसाळ्यात चार महिने ढग उतरत नाहीत आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी झिरे खोदावे लागतात.

वडील रामजी भांगरे हे या भागातले वजनदार नाईक. वालोजींच्या नंतर घराण्याचा झगडा त्यांनीच पुढे चालवला. ते सरकारच्या हाती लागेनात. शेवटी सरकारने त्यांना माफी दिली आणि पोलिसांच्या बंदोबस्तातले मानाचे काम दिले. ज्याला पकडता येत नाही त्याला नोकरीत घ्यायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत. राघोजी अशा घरात वाढले, जिथे एका पिढीने तोफेचे तोंड पाहिले होते आणि दुसऱ्या पिढीच्या अंगावर सरकारी पट्टा होता. घोडा, बंदूक, तलवार, डोंगरवाटा हे शिक्षण घरातच मिळाले. सरकारशी बोलायचे कसे आणि लढायचे कसे, दोन्ही त्यांनी वडिलांकडे पाहून शिकले.

१८१८ : राज्य बदलले, हिशेब बदलला

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकार आले. इंग्रजांनी पहिले काम किल्ल्यांचे केले. अलंग, कुलंग आणि अशा अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. आज ट्रेकला जाणारे आपले तरुण अलंगच्या तुटक्या कड्यावर दोर लावून चढतात आणि तिथे फोटो काढतात. ती पायरी निसर्गाने तुटलेली नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तिथे पहारा दिला त्यांनी पुन्हा तिथे चढू नये म्हणून ती तोडलेली आहे.

गड निकामी झाले तशी गडकऱ्यांची फौजही निकामी झाली. पहाऱ्यावरचे कोळी घरी बसवले गेले. नाईकांचे हक्क आणि गावांकडून मिळणारे वसूल एकेक करून कमी किंवा बंद करण्यात आले. सरकारच्या दृष्टीने ही खर्चकपात होती. डोंगरातल्या माणसासाठी तो पोटावरचा घाव होता, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेवरचा घाव होता. काल जो खोऱ्याचा राखणदार होता, तो आज फक्त सारा भरणारा कूळ झाला.

त्यात सारा रोख द्यायचा. समाजशास्त्राच्या अभ्यासात आपण पैशाची अर्थव्यवस्था आली असे एका वाक्यात शिकतो. डोंगरात तिचा अर्थ असा होता : नाचणी-वरई पिकवणाऱ्या माणसाकडे धान्य असते, जनावर असते, नाणे नसते. सरकारला नाणे हवे असते, आणि तेही ठरलेल्या तारखेला. नाणे असते सावकाराकडे. म्हणून सारा भरायला माणूस सावकाराकडे जातो. सावकार खत लिहून घेतो. खतात काय लिहिले हे ज्याने अंगठा केला त्याला वाचता येत नाही. व्याज चढते. मग सावकार दिवाणी कोर्टात जातो. कोर्ट शहरात, समन्स मराठी मोडीत, कर्जदार डोंगरात. तो हजर राहत नाही, हुकूमनामा एकतर्फी होतो, आणि जमीन जाते. कोणीही तलवार काढलेली नसते. सगळे कायद्याने झालेले असते.

पेशवाईतही सावकार होते. पण तेव्हा कर्ज वसूल करायला सावकाराला कर्जदाराच्या गावातच राहावे लागे, आणि गावाचा, नाईकाचा दबाव त्याच्यावर असे. इंग्रजी कोर्टाने हा दबाव काढून टाकला. सावकाराच्या मागे आता सरकारचा शिक्का उभा राहिला. बदल हा होता, आणि तो कागदावर झाला.

या अस्वस्थतेतून १८२९-३० मध्ये पहिला स्फोट झाला. रामजी भांगरे आणि रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली कोळी उठले. घाटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे धामधूम झाली. तिकडे पुरंदरच्या भागात रामोशी समाजाचे उमाजी नाईक याच काळात लढत होते. कंपनी सरकारने कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश या अधिकाऱ्याला या कामावर लावले. वाटा रोखल्या, पाण्याच्या जागा आणि घाट अडवले, फितुरी केली. रामा किरवा पकडले गेले आणि त्यांना फाशी झाली. उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली.

या मॅकिन्टॉशने पुढे रामोशी आणि महादेव कोळी या दोन्ही समाजांवर सविस्तर पुस्तकी वृत्तान्त लिहिले. आपल्याला या समाजांच्या त्या काळाबद्दल जे कळते, त्यातले पुष्कळसे या माणसाच्या लेखणीतून कळते. ज्याने शिकार केली त्यानेच शिकारीचे वर्णन लिहून ठेवले. पुढचे गॅझेटियर त्याच्यावर उभे राहिले आणि त्यात राघोजींसाठी दरोडेखोर हाच शब्द आला. आपण इतिहास वाचताना हे विसरता कामा नये.

राघोजींचा उठाव

रामजींच्या नंतर त्यांच्या जागी राजूर भागाच्या बंदोबस्ताचे काम आपल्याला मिळावे, अशी राघोजींची रास्त अपेक्षा होती. ते काम त्यांना मिळाले नाही. ते एका कुलकर्ण्याला मिळाले. वर खोट्या आरोपात त्यांना अडकवण्याचे प्रकार सुरू झाले, असे परंपरा सांगते. काही लेखक इथेच थांबतात आणि राघोजींचे बंड म्हणजे नोकरी न मिळाल्याचा राग, असे सुचवतात. हे उथळ आहे. एका माणसाच्या रागामागे शेकडो माणसे डोंगरात उपाशी राहत नाहीत. राघोजींचा अपमान हे निमित्त होते. घराघरातली खते, लिलाव झालेली शेते, वेठीला धरलेली माणसे हे कारण होते.

१८३८ च्या सुमारापासून रतनगडाच्या परिसरात राघोजींनी माणसे जमवायला सुरुवात केली. भाऊ बापूजी त्यांच्यासोबत होते. १८४४ पर्यंत हा उठाव नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे या चारही जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात पसरला. एका चकमकीत एक देशी पोलीस अधिकारी आणि दहा शिपाई ठार झाले. त्यानंतर सरकार खऱ्या अर्थाने हादरले.

या उठावाचे लक्ष्य पाहण्यासारखे आहे. राघोजींची माणसे गावात शिरली की सावकाराच्या घरी जात. दागिने-पैसे नेत, हे खरे. पण त्याबरोबर खतपत्रे मागत आणि ती जाळत. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनी आपल्या गुलामीचे मूळ कुठे आहे हे अचूक ओळखले होते. काही सावकारांची नाकेही कापली गेली. अनेक सावकार गाव सोडून शहरांकडे पळाले.

नाक कापण्याच्या गोष्टीवर टाळ्या पडतात. मला त्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. माणसाला विद्रूप करणे ही क्रूर गोष्ट आहे, मग तो कितीही पिळवणूक करणारा असो. आपण ज्या परंपरेत वाढलो, तिथे करुणा ही सोयीपुरती गोष्ट नाही. पण त्याच वेळी एवढेही म्हटले पाहिजे, की सावकाराच्या नाकाची नोंद सरकारी दप्तरात सविस्तर झाली आणि ज्यांची शेते गेली त्यांची नोंद फक्त जमीन हस्तांतराच्या रकान्यात झाली. एक हिंसा दिसते, तिला गुन्हा म्हणतात. दुसरी हिंसा दिसत नाही, तिला व्यवहार म्हणतात. राघोजींचे आयुष्य वाचताना या दोन्ही हिंसा एकत्र मांडल्या तरच न्याय होईल.

राघोजी हाती लागत नव्हते म्हणून पोलिसांनी त्यांच्या घरच्यांकडे मोर्चा वळवला. मुलाचा ठावठिकाणा सांगावा म्हणून त्यांच्या आईचा छळ करण्यात आला. आईने तो सोसला. या छळानंतर राघोजींच्या टोळीचा सावकारांवरचा राग अधिकच तीव्र झाला. पोस्टरवर राघोजी एकटे असतात. आईशिवाय, आणि डोंगरात रात्री-अपरात्री भाकरी पोहोचवणाऱ्या शेकडो बायांशिवाय, हा उठाव चार दिवसही टिकला नसता. त्या बायांची नावे कोणत्याच दप्तरात नाहीत.

सरकारने राघोजींवर मोठे इनाम लावले. घाटवाटांवर चौक्या बसवल्या. ज्या गावांनी आसरा दिल्याचा संशय होता तिथे लोकांना त्रास दिला. ऑगस्ट १८४५ मध्ये बापूजी पकडले गेले. साथीदार एकेक करून मारले गेले किंवा तुरुंगात गेले. राघोजी मात्र आणखी दोन वर्षे निसटत राहिले. डोंगरातला माणूस त्यांना इनामासाठी विकायला तयार नव्हता, हाच याचा अर्थ.

पंढरपूर आणि ठाणे

शेवटच्या काळात राघोजी गोसाव्याच्या वेशात फिरत होते. दाढी वाढवलेली, अंगावर भगवी वस्त्रे. टोळी संपली होती, भाऊ गेला होता. ते विठ्ठलाच्या दर्शनाला पंढरपूरला गेले. लेफ्टनंट गेल नावाचा अधिकारी त्यांच्या मागावर होता. २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात त्याने त्यांना पकडले. डोंगरात दहा वर्षे जो सापडला नाही, तो सपाटीवर, यात्रेकरूंच्या गर्दीत सापडला.

तिथून त्यांना ठाण्याला आणले. ठाण्याचा तुरुंग म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. खटला चालला. बचावाला कोणी उभे राहिले नाही. निकाल ठरलेलाच होता. फाशीऐवजी आपल्याला तलवारीने किंवा गोळीने मारावे, अशी त्यांनी मागणी केली होती, असे लोक आजही सांगतात. २ मे १८४८ रोजी त्यांना फासावर देण्यात आले. वय ४२.

त्याच वर्षी, म्हणजे १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या दोन घटनांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण वाचता येत नव्हते म्हणून ज्याच्या समाजाची जमीन गेली, तो फासावर गेला, आणि त्याच वर्षी अक्षराची लढाई सुरू झाली. पुढे १८८३ मध्ये जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला, तेव्हा कुलकर्णी, सावकार आणि कोर्ट यांची साखळी त्यांनी उघडी करून दाखवली. राघोजींनी जी साखळी कोयत्याने तोडू पाहिली, तीच जोतीरावांनी लेखणीने मांडली.

समुद्रापलीकडचे लेनापे

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. आज जिथे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही शहरे उभी आहेत, तो सगळा मुलूख लेनापे नावाच्या आदिवासी लोकांचा होता. इंग्रजांनी त्यांना डेलावेअर हे नाव दिले. १६२६ मध्ये डच लोकांनी ६० गिल्डरच्या मालाच्या बदल्यात मॅनहॅटन बेट विकत घेतल्याचे म्हटले जाते. लेनापेंच्या समजुतीत जमीन कायमची विकण्याची वस्तूच नव्हती. ते वापरू देण्याचा करार समजले, डच मालकीचा करार समजले.

१६८२ मध्ये विल्यम पेन आला. त्याने लेनापेंशी बऱ्यापैकी सचोटीने व्यवहार केला, म्हणून त्याचे नाव आदराने घेतले जाते. पण त्याच्या मुलांनी १७३७ मध्ये एक जुना कागद पुढे केला. एक माणूस दीड दिवसात चालत जाईल तेवढी जमीन देण्याचे तुमच्या पूर्वजांनी कबूल केले होते, असा त्यांचा दावा होता. लेनापेंना वाटले, चालणारा माणूस रमतगमत, थांबत, खात-पीत चालेल. पेनच्या मुलांनी आधीच झाडी तोडून वाट साफ केली आणि तीन तरबेज धावपटू भाड्याने लावले. त्यांतला एक दीड दिवसात शंभर किलोमीटरच्या आसपास गेला. तेवढी जमीन गेली. ज्या वर्षी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला, त्याच वर्षी हे तिकडे घडत होते.

पुढे १७७८ मध्ये नव्या अमेरिकन सरकारने मूळनिवासी राष्ट्राशी पहिला लेखी तह केला, तो लेनापेंशीच. चार वर्षांनी, १७८२ मध्ये, ख्रिस्ती झालेल्या, शस्त्र न उचललेल्या ९६ लेनापे स्त्री-पुरुष-मुलांना अमेरिकन सैनिकांनी ग्नाडेनहुटेन गावात ठार केले. मग त्यांना ओहायो, इंडियाना, मिसूरी, कॅन्सस असे ढकलत ओक्लाहोमापर्यंत नेले. २००४ मध्ये त्यांच्या वंशजांनी १७३७ च्या फसवणुकीविरुद्ध अमेरिकन कोर्टात दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. फसवणूक झाली असे मानले तरी त्या व्यवहाराने जमिनीवरचा मूळ हक्क संपला, असा निकालाचा आशय होता.

दोन्हीकडचा फरकही समजून घ्यावा. अमेरिकेत युरोपीय लोक राहायला आले होते, म्हणून त्यांना मोकळी जमीन हवी होती आणि माणसे नको होती. इथे इंग्रज राहायला आले नव्हते, सारा घ्यायला आले होते. त्यांना जमीन कसणारी माणसे हवीच होती. म्हणून लेनापे आपल्या भूमीतून हाकलले गेले, आणि महादेव कोळी आपल्याच शेतावर दुसऱ्याचे मजूर झाले. तिकडे जमीन घेणारा गोरा होता. इकडे कायदा गोऱ्याचा होता, पण हुकूमनामा घेऊन येणारा आपल्याच गावचा होता. ही दुसरी गोष्ट मान्य करणे आपल्याला जड जाते, कारण मग फक्त इंग्रज गेल्याने प्रश्न संपत नाही.

राघोजींच्या नंतर

प्रश्न संपलाही नाही. १८७३ नंतर जुन्नरच्या डोंगरात होनाजी केंगले यांच्या नेतृत्वाखाली कोळी पुन्हा सावकारांवर चालून गेले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि ते दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. या वेळी खते जाळणारे प्रामुख्याने कुणबी होते. मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. म्हणजे राघोजी ज्याबद्दल फासावर गेले, ती तक्रार खरी होती हे सरकारने ३१ वर्षांनी कायदा करून मान्य केले. पण राघोजींच्या नावापुढचा दरोडेखोर हा शब्द काही खोडला नाही.

त्याच काळात १८७८ च्या वन कायद्याने डोंगरातले जंगल सरकारी झाले. पुढे राघोजींच्याच प्रवरा खोऱ्यात भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. पाणी खालच्या उसाच्या पट्ट्याला गेले, जमीन वरच्या आदिवासींची बुडाली. आपल्या उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यात नाग्या कातकरी शहीद झाले. त्यांच्या समाजाला आज सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणते. चिरनेरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांत काम करताना पहिला अडथळा कोणता येतो, तर घराखालची जागा कोणाच्या नावावर आहे हा. तीन पिढ्या ज्या जागी राहिल्या, त्या जागेच्या सातबाऱ्यावर भलतेच नाव असते. माणूस आहे, झोपडी आहे, चूल आहे, कागद नाही. मग घरकुलही नाही.

आणि आपण राहतो ती नवी मुंबई? १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेण्यात आली. भातशेती आणि मिठागरे गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात भूमिपुत्रांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यामुळेच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना लढून काही तरी मिळाले. पण दुसऱ्याच्या शेतावर राबणारे, मिठागरात काम करणारे, गावकुसाबाहेरचे भूमिहीन, वाडीतले आदिवासी यांचे नाव मुळात सातबाऱ्यावरच नव्हते. नुकसानभरपाई नेहमी कागदाला मिळते, घामाला मिळत नाही. आपल्या समाजाने हे जवळून पाहिले आहे.

मग आपण काय करायचे?

राघोजींना महादेव कोळ्यांचे, उमाजींना रामोशांचे, नाग्यांना कातकऱ्यांचे असे वाटून घेऊन प्रत्येकाने आपापल्या दिवशी आपापला हार घालायचा, ही सोय राज्यकर्त्यांच्या फायद्याची आहे. कारण या तिघांनी ज्या व्यवस्थेशी टक्कर घेतली ती एकच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबी, आगरी, महार असे सगळे कूळ एकत्र होते. जमिनीचा प्रश्न जातीच्या भिंती ओलांडून कसा मांडायचा, याचा तो धडा होता. आपण तो पुढे न्यायचा आहे.

आज हातात कायदे आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य करतो, आणि वैयक्तिक हक्काबरोबर गावाचा सामूहिक हक्कही मान्य करतो. या कायद्यांसाठी लोक झगडले आहेत. पण दावा दाखल करायला अर्ज भरावा लागतो, नकाशा जोडावा लागतो, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावे लागतात, दावा फेटाळला तर मुदतीत अपील करावे लागते. राघोजींच्या काळातल्या एकतर्फी हुकूमनाम्यासारखेच आजही घडते : कळवलेले पत्र वाडीत पोहोचत नाही किंवा वाचले जात नाही, आणि मुदत निघून जाते.

इथे आपले काम आहे. आपल्या वस्त्यांमधून आता वकील आहेत, पदवीधर आहेत, मोबाईलवर जमिनीचे नकाशे काढू शकणारी मुले-मुली आहेत. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपल्या आजी-आजोबांनी पोटाला चिमटा काढून जे शिक्षण आपल्याला दिले, त्याचा उपयोग फक्त स्वतःच्या नोकरीपुरता ठेवायचा का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. महिन्यातून एक रविवार पनवेल, उरण, कर्जत, शहापूरच्या एखाद्या वाडीला द्यावा. भाषण करायला जाऊ नये. तिथल्या लोकांसोबत बसून त्यांचे कागद वाचावेत, त्यात काय लिहिले आहे ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे, आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा. ते आपल्यापेक्षा आपल्या जमिनीला जास्त ओळखतात.

राघोजी भांगरे यांच्या माणसांना खत वाचता येत नव्हते म्हणून त्यांनी ते जाळले. आपल्याला वाचता येते. आपण वाचून दाखवले, तर पुढच्या राघोजीला डोंगरात पळावे लागणार नाही.

जय भीम, जय आदिवासी.